‘साचेबद्ध भूमिका’ की ‘शिक्का’? एका नाट्यपरिचयातल्या वाक्याबद्दल

लंडनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ब्रिटनमध्येच जन्मलेल्या, चिनी वंशाच्या एका अभिनेत्रीचा सोलो शो त्यांनी पाहिला. पूर्व आशियाई चेहऱ्याच्या नटांना कोणत्या भूमिका मिळतात आणि ऑडिशनला त्यांच्याकडून काय करून घेतलं जातं, हा त्याचा विषय. दिवाळी अंकासाठी परिचय लिहिताना त्यांचं पहिलं वाक्य असं झालं: ‘आशियाई अस्मितेचा शोध घेणाऱ्या या एकपात्रीत अभिनेत्रीने साचेबद्ध भूमिकांवर भाष्य केले असून चिनी माणसांच्या हुबेहूब नकला सादर केल्या आहेत.’ स्टिरिओटाइप आणि टाइपकास्ट या दोन्हींना ‘साचेबद्ध’ चालेल का, आणि ‘यलोफेस’ला मराठीत काय म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण या वाक्यातले इतरही चार-पाच शब्द तपासायला हवेत.

आधी ‘साचेबद्ध’. स्टिरिओटाइप हा मुळात छापखान्यातला शब्द. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात शिशाचा रस ओतून अख्ख्या पानाची एक भरीव पाटी पाडायची आणि तीवरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रक दिदो यांनी हे नाव रूढ केलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घट्ट, भरीव’. माणसांच्या गटाबद्दलची डोक्यातली तयार प्रतिमा या अर्थाने तो रुळला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ च्या लेखनापासून. त्यामुळे मराठीतला ‘ठोकळेबाज’ हा शब्द, बहुधा योगायोगानेच, मुळाच्या फार जवळ जातो.

तरीही इथे ‘साचेबद्ध’ आणि ‘ठोकळेबाज’ दोन्ही अपुरे पडतात, कारण मराठीत ही विशेषणं लेखकाच्या आळसाबद्दलची तक्रार म्हणून वापरली जातात. ‘साचेबद्ध कथानक’, ‘ठोकळेबाज सासू’ म्हटलं की वाचकाला कळतं, नाटक कंटाळवाणं आहे. म्हणजे तक्रार कलेपुरती राहते. स्टिरिओटाइपमध्ये तक्रार वेगळी आहे: एका समाजाबद्दलचा ठरीव समज त्या समाजातल्या प्रत्येक माणसावर लादला जातो, आणि ते काम एखादी अजिबात कंटाळवाणी नसलेली, टाळ्या घेणारी भूमिकासुद्धा करू शकते. म्हणून विशेषण सोडा, नाम घ्या आणि कोणाबद्दल ते सांगा: ‘चिनी माणसांबद्दलचे साचे’, ‘पूर्व आशियाई स्त्रियांबद्दलचे ठरीव समज’. समाजशास्त्रीय लेखनात ‘रूढ प्रतिमा’ भेटतो. तोही चालेल, पण नाट्यपरिचयात जरा कोरडा वाटतो.

शक्य असेल तर साच्याचं नावच लिहावं. इंग्रजीत ते ठरलेले आहेत. ‘ड्रॅगन लेडी’ म्हणजे कपटी, मोहात पाडणारी बाई. ‘लोटस ब्लॉसम’ म्हणजे सोशीक, गोऱ्या पुरुषासाठी जीव देणारी. ‘चायना डॉल’ला मराठीत ‘चिनी मातीची बाहुली’ अगदी चपखल बसतं, कारण मुळातही चायना म्हणजे चिनी मातीच. ‘फू मांचू’ हे सॅक्स रोमर यांच्या कादंबऱ्यांतल्या खलनायकाचं विशेषनाम, ते तसंच ठेवावं. ‘मॉडेल मायनॉरिटी’ म्हणजे अभ्यासू, मुकाट, गणितात हुशार. याला ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हटलं तर ती स्तुती वाटते, आणि अडचण नेमकी तीच असल्यामुळे तो शब्द अवतरणात घालावा. ब्रिटिश टीव्हीवरचे साचे आणखी घरगुती आहेत: टेकअवेच्या काउंटरमागची बाई, चोरट्या डीव्हीडी विकणारा, कागदपत्रं नसलेला स्थलांतरित, ट्रायड टोळीतला गुंड.

आता टाइपकास्ट. साचा असतो भूमिकेचा, टाइपकास्ट होतो नट. त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: शिक्का. ‘निळू फुल्यांवर बेरकी खलनायकाचा शिक्का बसला’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पण क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘शिक्का बसतो’ तो नटाच्या आधीच्या कामामुळे. एक भूमिका गाजते, मग तसल्याच येत राहतात. पूर्व आशियाई चेहऱ्याच्या नटाच्या बाबतीत पहिली भूमिका मिळण्याआधीच शिक्का मारलेला असतो. त्यामुळे इथे ‘शिक्का बसलेली अभिनेत्री’ न लिहिता ‘चेहऱ्यावरून शिक्का मारलेली’ असं लिहा. बसणे आणि मारणे यांतला फरक मराठी वाचकाला आपसूक कळतो. कास्टिंगला मराठी नाट्यव्यवहारात ‘पात्रयोजना’ हा शब्द आहेच, तो वापरायला हरकत नाही. वंशाचा विचार न करता केलेल्या कास्टिंगला ‘वर्णनिरपेक्ष पात्रयोजना’ म्हणता येईल.

‘यलोफेस’चं भाषांतर करू नये. ‘पिवळा चेहरा’ म्हटलं की मराठी माणसाला कावीळ आठवते. शब्द देवनागरीत ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडावा: ‘गोऱ्या नटाने रंगभूषा करून पूर्व आशियाई माणसाचं सोंग घेणं’. ‘वेषांतर’पेक्षा ‘सोंग’ बरा, कारण त्यात वेष, बोलणं आणि हावभाव तिन्ही येतात, आणि किंचित तिरकसपणाही येतो, जो इथे हवाच आहे.

उदाहरण द्यायचं तर ‘मिस सायगॉन’चं द्यावं, ब्रिटिश वाचकाला ते जवळचं आहे. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात १९८९ मध्ये जोनाथन प्राइस यांनी फ्रेंच-व्हिएतनामी ‘इंजिनिअर’ची भूमिका केली, तीही पापण्यांवर कृत्रिम तुकडे चिकटवून आणि कातडी गडद करणारं क्रीम लावून. नाटक न्यूयॉर्कला न्यायची वेळ आली तेव्हा, ऑगस्ट १९९० मध्ये, तिथल्या नटांच्या संघटनेने त्यांना परवानगी नाकारली. निर्मात्याने प्रयोगच रद्द करण्याचा पवित्रा घेतला आणि थोड्याच दिवसांत संघटनेने माघार घेतली. १९९१ मध्ये प्राइस यांना याच भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला. विरोध करणाऱ्यांत नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग होते. पुढे त्यांनी या प्रकरणावरून स्वतःचीही टोपी उडवणारं ‘यलो फेस’ हे नाटक लिहिलं.

मराठी वाचक इथे एक शंका हमखास काढतो: बालगंधर्वांनी स्त्रिया रंगवल्याच ना, मग गोऱ्याने चिनी माणूस केला तर बिघडलं कुठे? परिचयात याला दोन वाक्यं द्यावीत. नटाने दुसरा कोणी होणं यावर कोणाचाच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दार एकाच बाजूने उघडतं यावर. गोरा नट चिनी होऊ शकतो, चिनी वंशाच्या नटाला मात्र हॅम्लेट मिळणं मुश्कील आणि चिनी नायकही मिळत नाही. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या चित्रपटात चिनी शेतकऱ्याची भूमिका पॉल म्युनी या गोऱ्या नटाला दिली होती. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमावलीत मिश्रवंशीय प्रणय दाखवायला बंदी होती. त्यामुळे त्याची बायको म्हणून ॲना मे वाँग या लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या चिनी वंशाच्या तारकेला घेणं शक्यच नव्हतं. भूमिका लुइझे रायनर यांना गेली, ऑस्करही त्यांनाच मिळालं. आणि हे जुन्या काळापुरतं नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१२ मध्ये ‘द ऑर्फन ऑफ झाओ’ हे मुळातलं चिनी नाटक केलं तेव्हा सतरा कलाकारांत पूर्व आशियाई वंशाचे तिघेच होते, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या कामांत दासी आणि कुत्रा होता. बालगंधर्वांचा दाखला खरं तर उलट्या बाजूने लागू पडतो. पुरुषांना स्त्रीपार्ट करावे लागले, कारण स्त्रियांना रंगमंच बंद होता.

‘आशियाई’ हा शब्द तर सरळ बदलाच. ब्रिटनमध्ये नुसतं ‘एशियन’ म्हटलं की आपण येतो: भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकेत त्याच शब्दाने आधी चिनी, जपानी, कोरियन डोळ्यांसमोर येतात. इंग्लंड-वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत ‘चिनी’ हा गट ‘एशियन’च्या बाहेर होता, २०११ मध्ये तो आत आला. पुण्याच्या वाचकाला यातलं काहीच माहीत नसतं. ‘आशियाई अस्मिता’ वाचून तो स्वतःलाही त्यात धरेल. म्हणून ‘पूर्व आशियाई’. शोमध्ये व्हिएतनाम, मलेशिया, फिलिपिन्सचे संदर्भ असतील तर ‘पूर्व आणि आग्नेय आशियाई’. तिथले कलाकारही आता हीच जोडी वापरतात. ‘दक्षिण-पूर्व’ लिहायचं कारण नाही, आपल्याकडे त्या दिशेला नाव आहे.

‘पौर्वात्य’ही नको. मराठीत तो शब्द सभ्य आहे, पण पाश्चात्यच्या विरुद्ध असल्यामुळे त्यात आपण येतोच. आणि ज्या इंग्रजी शब्दाला तो योजला जातो तो ‘ओरिएंटल’ माणसासाठी वापरणं आता अपमानकारक समजतात. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून आपल्या जुन्या कायद्यांतून तो काढला. शोमधलं एखादं पात्र हा शब्द हिणवायला वापरत असेल तर देवनागरीत ‘ओरिएंटल’च ठेवा. ‘पौर्वात्य’ केलंत तर हिणवणं उडून जाईल.

‘चायनीज’ची गंमत निराळी. मराठीत चायनीज खातात. ‘चायनीज अभिनेत्री’ वाचताना गाडीवरचे हाका नूडल्स आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि ‘चायना’ जोडला की स्वस्त, न टिकणारा माल. माणसासाठी ‘चिनी’, तेही ऱ्हस्व: चीन दीर्घ, चिनी ऱ्हस्व. ‘मिचमिचे डोळे’, ‘चपटं नाक’ ही वर्णनं आपल्या कथा-कादंबऱ्यांत सहज येतात, पण ज्या प्रयोगाचा विषयच हा आहे त्याच्या परिचयात ती लेखकाच्या तोंडी शोभणार नाहीत. ईशान्य भारतातल्या लोकांना ‘चिंकी’ म्हणण्याबद्दल २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना सूचना द्याव्या लागल्या होत्या, तेव्हा हा प्रश्न फक्त लंडनचा आहे असंही नाही.

‘अस्मिता’ हा शब्द योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक आहे. आज मराठीत तो सभेतला शब्द झाला आहे, त्याला अभिमानाचा आणि झेंड्याचा वास येतो. ही अभिनेत्री अभिमान सांगत नाही. लोक आपल्याला काय समजतात आणि आपण कोण आहोत यातली तफावत ती दाखवते. त्यासाठी ‘ओळख’ पुरेसा आहे.

राहिली ‘हुबेहूब नक्कल’, वाक्यातली सगळ्यांत मोठी गफलत. ‘एकपात्री’ हा शब्द तसा बरोबर आहे. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे, तरी आपण त्याला एकपात्रीच म्हणतो. व्युत्पत्ती काहीही म्हणो, रूढी पक्की आहे. पण याच परंपरेमुळे मराठी वाचक एकपात्रीत नकलांचं कसब शोधतो. इथे अभिनेत्री चिनी माणसांची नक्कल करत नाही. ऑडिशनमध्ये तिच्याकडून मागितलेल्या हेलाची ती नक्कल करते, आणि तो हेल कोणाचाच नसतो.

हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. रंगमंचावरच्या ठरीव ‘चिनी’ बोलण्यात र आणि ल यांची अदलाबदल हमखास असते. ती अडचण मुख्यतः जपानी भाषकांची, कारण जपानीत या जागी एकच व्यंजन आहे. कोरियनमध्येही एकच, पण ते दोन स्वरांमध्ये र-सारखं आणि शब्दाच्या शेवटी ल-सारखं उच्चारलं जातं. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, र आणि ल वेगळे आहेत. तिथे अडचण येते ती जोडाक्षरांची आणि शब्दाच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनांची, कारण मँडरिनचं अक्षर स्वरावर नाहीतर न्, ङ् किंवा र्-वर संपतं. हाँगकाँगकडच्या कँटनीजमध्ये शेवटी प्, त्, क् येतात, पण ते तोंडातच अडवले जातात, मोकळे सोडले जात नाहीत. म्हणजे कास्टिंगवाल्यांना हवा असलेला तो हेल तीन-चार भाषांची खिचडी असते. शिवाय बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या मुलीचा स्वतःचा हेल बर्मिंगहॅमचा. हिंदी सिनेमातला सरसकट ‘मद्रासी’ आठवा, तमिळ आणि मल्याळम बोलणाऱ्यांना त्यात स्वतःचं काय सापडतं ते विचारा. म्हणून लिहावं: ‘नटांकडून मागितल्या जाणाऱ्या खोट्या “चिनी” हेलाची ती खिल्ली उडवते.’ ॲक्सेंटला इथे ‘हेल’च. ‘लहेजा’ला कौतुकाची छटा आहे.

अशा प्रयोगांत हमखास येणारं एक वाक्य मराठीत आणताना फार काळजी घ्यावी लागते: ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ इंग्रजीत हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जातो, लीड्स किंवा मँचेस्टर हे उत्तर मिळाल्यावर, आणि बोच तिथेच असते. मराठीत ‘मूळचे कुठले?’ ही ओळख होतानाची पहिली आपुलकी. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूसही खुशीने कोकणातलं गाव सांगतो. त्यामुळे शब्दशः भाषांतर केलं तर वाचक विचारेल, यात वाईट वाटण्यासारखं काय? इथे ‘मूळच्या’ काढून ‘खऱ्या’ घाला आणि आधीचं उत्तरही द्या: ‘लीड्सची.’ ‘ते झालं, पण खरी कुठली?’ आता बोचतं.

सगळं धरून तुमचं वाक्य असं होईल: ‘पूर्व आशियाई चेहऱ्यावरून शिक्का मारल्या गेलेल्या नटांच्या वाट्याला काय येतं, हे दाखवणाऱ्या या एकपात्री प्रयोगात अभिनेत्री चिनी स्त्रियांबद्दलचे साचे एकेक करून अंगावर चढवते आणि उतरवते.’ लांब वाटलं तर ‘एकेक करून’ काढा. ‘मारल्या गेलेल्या’ मात्र काढू नका, कर्मणी जड असला तरी इथे त्याचंच काम आहे.

नावाचं एक पाहून घ्या. चीनमधल्या व्यक्तीचं आडनाव आधी येतं, पण ब्रिटनमध्ये वाढलेले बरेच जण इंग्रजी रीतीने ते शेवटी लावतात, तेव्हा पत्रकावरचा क्रम जसाच्या तसा ठेवा. देवनागरी करताना स्पेलिंगवर जाऊ नका: एक्सने सुरू होणारं मँडरिन नाव ‘श’ने सुरू होतं, क्यूने सुरू होणारं ‘छ’ने. नाव मँडरिन आहे की कँटनीज हे माहीत नसेल तर त्या बाई ते स्वतः कसं उच्चारतात ते ऐकून लिहावं. प्रयोगाच्या सुरुवातीलाच त्या ते बहुतेक सांगतात.