सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन स्कँडिनेव्हिया कमी खर्चात कसं फिरावं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून निघणार, मुलगी सव्वादोन वर्षांची, हातात बारा दिवस, डेन्मार्क-स्वीडन-नॉर्वे तिन्ही बघायची इच्छा आहे, पण खर्च आवाक्यात हवा. आम्ही स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मोजवळ राहतो, आमची मुलं इथेच लहानाची मोठी झाली, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांची सरबराईही इथूनच करतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती. तिन्ही देशांचा हट्ट सोडा. इथे पैसा जातो तो मुख्यतः एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात आणि बाहेर जेवण्यात. बाकी दोन वर्षांच्या मुलीला ज्यात रस असतो, म्हणजे झोके, घसरगुंड्या, वाळू, पाणी, चित्रांची पुस्तकं, बदकं, आगगाड्या, ते जवळजवळ सगळं फुकट आहे. इथल्या नगरपालिका लहान मुलांवर मनापासून खर्च करतात आणि पाहुण्यालाही ते सगळं वापरता येतं. रोज सामान आवरून पुढच्या गावी निघालात, तर तिकिटांवर आणि हॉटेलांवर पैसे घालून नेमकं हेच मागे सोडून जाल.

माझा सल्ला असा: मुक्काम माल्मोत, फिरणं कोपनहेगन आणि आसपास, आणि शेवटचे चार दिवस समुद्राजवळच्या एखाद्या छोट्या गावी लाकडी केबिनमध्ये. कोपनहेगन विमानतळावर उतरलात की तिथूनच माल्मोची गाडी मिळते. २००० साली दोन्ही देशांमधल्या ओरेसुंद या सामुद्रधुनीवरचा पूल आणि बोगदा सुरू झाला, तेव्हापासून ही दोन्ही शहरं एकाच मोठ्या वस्तीसारखी झाली आहेत. कोपनहेगनच्या मुख्य स्थानकापासून माल्मो ३५ ते ४० मिनिटं. गाडी समुद्रावरून धावते आणि लहान मुलांना ते फार आवडतं. फक्त पासपोर्ट नेहमी जवळ ठेवा, स्वीडनमध्ये शिरताना गाडीत तपासणी होते.

माल्मोच का? डेन्मार्कमध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंवरही सरसकट २५ टक्के व्हॅट आहे, स्वीडनमध्ये खाद्यपदार्थांवर तो बराच कमी आहे. शिवाय डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे, एका युरोला साधारण ७.४६, त्यामुळे तो कधीच फारसा उतरत नाही. राहणं आणि किराणा दोन्ही माल्मोत कोपनहेगनपेक्षा स्वस्त पडतं. रोज पूल ओलांडायचं तिकीट मात्र महाग आहे, म्हणून रोज जाऊ नका. तीन दिवस कोपनहेगनला द्या, बाकीचे दिवस माल्मोतच घालवा. त्या तीन दिवसांसाठी पहिल्या दोन रात्री कोपनहेगनमध्येच राहिलात तरी चालेल, पण किमती दोन्हीकडच्या बघून ठरवा.

राहण्यासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा बघा. स्वीडनमध्ये एसटीएफ या पर्यटन संस्थेची आणि डेन्मार्कमध्ये डॅनहॉस्टेलची वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृहाचं असलं तरी कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या असतात आणि सामाईक स्वयंपाकघर स्वच्छ, भांड्याकुंड्यांसकट. चादरी-अभ्रे बऱ्याच ठिकाणी भाड्यात धरलेले नसतात, घरून आणले तर तेवढे पैसे वाचतात. निघताना खोली आपण झाडूनपुसून द्यायची असते, नाहीतर सफाईचे वेगळे पैसे लागतात. आपल्याकडच्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण इथे सगळेच करतात.

आता कोपनहेगनमध्ये काय करायचं ते. एका मोठ्या माणसाच्या तिकिटावर बारा वर्षांखालची दोन मुलं बस, मेट्रो, लोकल सगळीकडे फुकट जातात. मेट्रो २००२ पासून चालकाशिवाय धावते, म्हणजे सगळ्यात पुढच्या काचेजवळ चालकाऐवजी प्रवासी बसतात. ती जागा मिळाली तर बोगद्यातले दिवे अंगावर येताना बघत मुलगी अर्धा तास हलणार नाही. त्याच मेट्रोनं आमागरच्या किनाऱ्यावर उतरा. २००५ मध्ये तयार केलेला हा किनारा आहे. आतल्या बाजूला उथळ, शांत पाण्याची खाडी आहे आणि ती लहान मुलांसाठी अगदी योग्य. तिथे वारा फार असतो, टोपी आणि एक जाड कपडा जवळ असू द्या. दुसऱ्या दिवशी फेलेदपार्कन या मोठ्या बागेत जा. तिथे शहरातल्या प्रसिद्ध मनोऱ्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर चढायचं एक खेळाचं मैदान आहे. बंदरातून फिरायला महागड्या पर्यटक बोटीची गरज नाही. नेहमीच्या बसच्या तिकिटावर चालणाऱ्या पिवळ्या बोटी आहेत, त्यातून तेच बंदर दिसतं.

तिवोलीबद्दल सगळे विचारतात. १८४३ पासूनची पाळण्यांची बाग आहे, सुंदर आहे, पण प्रवेशाचे पैसे वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे. या वयात मी ते टाळीन, किंवा गेलातच तर फक्त प्रवेशाचं तिकीट काढून संध्याकाळी दिवे बघायला. बिलुंदची लेगोलँड ही लेगोच्या ठोकळ्यांची खेळबाग तर नक्कीच पुढे ढकला. कोपनहेगनहून ती लांब आहे, आणि बऱ्याच पाळण्यांना उंचीची अट असते. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिला तिथला खरा आनंद मिळेल.

माल्मोत मुद्दाम बांधलेली, एकेक विषय घेऊन उभी केलेली खेळाची मैदानं जागोजागी आहेत. रोज एक वेगळं मैदान निवडलं तरी तुमचे दिवस संपतील, मैदानं संपणार नाहीत. पाऊस आला तर शहर वाचनालयात जा. तिथे छोट्या मुलांसाठी कनीनी नावाचा विभाग आहे. बूट बाहेर काढायचे आणि आत लोळायचं, चढायचं, पुस्तकं ओढून काढायची. सभासद असण्याची गरज नाही, कुणी काही विचारत नाही. ऑफिसच्या दिवशी दुपारी तिथे बाळांना घेऊन बसलेले बाबा दिसतील. इथे बाळंतपणानंतरची पालकांची रजा दोघांत वाटली जाते, तिचा परिणाम समोर दिसतो. तुमच्या मुलीच्या बाबांनी त्यांच्याशी जरूर गप्पा माराव्यात, जवळपासचं चांगलं मैदान कुठलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

जेवणाचं बोलते, कारण अंदाजपत्रक इथेच कोलमडतं. संध्याकाळी हॉटेलात जेवू नका. स्वीडनमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी साधारण ११ ते २ या वेळात ‘दागेन्स लुंच’ मिळतं. मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, बऱ्याचदा कॉफीसुद्धा, आणि तेही साधारण १२० ते १५० क्रोनरमध्ये. शाकाहारी पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. आपल्या हातानं वाढून घ्यायची पद्धत असेल तर एका ताटात आई आणि मुलगी दोघींचं होतं. पिण्याचं पाणी नळाचंच, ते उत्तम असतं आणि त्याचे पैसे घेत नाहीत. रात्री खोलीवर खिचडी लावा. माल्मोचा मोलेवांगन हा भाग मुद्दाम बघा. तिथल्या चौकात भाजीबाजार भरतो, आजूबाजूला अरबी आणि आशियाई किराण्याची दुकानं आहेत, डाळी, तांदूळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. माल्मोचं फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) तर स्वीडनभर नावाजलेलं आहे, स्वस्त आहे आणि पोटभर होतं. तिखट सॉस न घालता मागितलं तर मुलंही आवडीनं खातात.

घरून काय आणायचं याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर काही नको, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. लहान बाळांच्या पावडरच्या दुधाला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे, पण पाकीट कंपनीचं आणि न फोडलेलं हवं. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, पोहे, मुगाची डाळ, भाजणी हे खुशाल आणा. तूप लागलंच तर इथलं लोणी घेऊन कढवा, छान होतं.

शेवटच्या चार दिवसांसाठी मी यिस्तादच्या बाजूला जाईन. माल्मोहून लोकल गाडीनं पाऊण-एक तास. गावाला लागूनच पाइनची झाडी आणि लांबलचक वाळूचा किनारा आहे. स्वीडनमध्ये कॅम्पिंगच्या जागांवर ‘स्तुगा’ म्हणजे छोट्या लाकडी केबिन भाड्यानं मिळतात, आत शेगडी, फ्रिज, दोन-चार पलंग. साध्या केबिनला स्वतःचं न्हाणीघर नसतं, सामाईक वापरावं लागतं, म्हणून ती स्वस्त. तिथून बसनं कोसेबेर्याला जाऊन आलेस स्तेनार जरूर बघा. समुद्राच्या कड्यावर जहाजाच्या आकारात उभ्या केलेल्या ५९ शिळा आहेत. प्रवेश फुकट, भोवती कुरण, आणि पोरांना पळायला भरपूर जागा. चढ आहे, बाबागाडी ढकलावी लागेल.

स्वीडनमध्ये ‘अलेमान्सरेत्तेन’ नावाचा हक्क आहे. जंगलात, माळावर कुणीही फिरू शकतं, रानातली फळं तोडू शकतं, फक्त कुणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही आणि शेताचं नुकसान करायचं नाही. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी पिकते, आणि झुडपं ठेंगणी, तुमच्या मुलीच्या हाताला येतील अशी असतात. डेन्मार्कमध्ये हा हक्क इतका मोकळा नाही.

म्हणूनच वेळ निवडायची तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. इथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, केबिनचे दर उतरतात, समुद्राचं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड आणि पहाटे साडेचारपर्यंत लख्ख, मुलं झोपतच नाहीत. आलातच जूनमध्ये, तर खिडकीला लावायला गडद कापड आणा, आणि १९ ते २५ जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी मिडसमर हा उन्हाळ्याचा सण असतो हे लक्षात ठेवा. त्या दिवशी बरीच दुकानं-हॉटेलं बंद असतात, पण गावोगाव मैदानात फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाच चालतो, त्यात तुम्हीही शिरू शकता.

नॉर्वेवर खरोखरच जीव असेल तर कोपनहेगनहून ओस्लोला जाणारी रात्रीची बोट घ्या. दुपारी निघते, सकाळी पोचते, एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि सकाळी डेकवरून ओस्लोचा फियॉर्द, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची लांब खाडी, आयताच बघायला मिळतो. ओस्लोत विगेलांदच्या शिल्पांची बाग फुकट आहे, ऑपेराच्या उतरत्या छपरावर चालता येतं, आणि त्याच्या शेजारीच २०२० मध्ये उघडलेलं दाइक्मान वाचनालय आहे. बेटांवर जाणाऱ्या छोट्या बोटी शहराच्या साध्या तिकिटावर चालतात. पण मग केबिनचे दिवस कमी करा. बर्गेनची धाव या खेपेला नको.

गाडी भाड्यानं घेऊ नका. मुलांची खास खुर्ची सक्तीची आहे, तिचं भाडं वेगळं, शिवाय पार्किंग. रेनकोट-पँट असा पावसाचा पूर्ण पोशाख पुण्यात विकत घेण्याऐवजी माल्मोतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या, लहान मुलांचे जवळजवळ नवे कपडे मिळतात. रोख रक्कम फार बदलून आणू नका, स्वीडनमध्ये बसमध्ये रोख घेतच नाहीत, कार्डच चालतं. औषधं मात्र तिच्या डॉक्टरांनी दिलेली, चिठ्ठीसकट आणा.

मुलगी दोन वर्षांच्या पुढची असल्यामुळे विमानात तिला स्वतंत्र आसन घ्यावं लागेल, ते हिशेबात धरा. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे या तिन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ऑगस्टसाठी एप्रिल-मेपर्यंत करून टाका. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा तिघांचाही लागतो. आणि अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा असतो. मी सांगितलं तसं माल्मो आणि यिस्ताद धरलंत तर तुमचा अर्ज स्वीडनकडे जाईल, विमान कोपनहेगनला उतरत असलं तरी.