वाचकांचे प्रश्न : सायप्रसचा नकार

प्रश्न : सायप्रससारखा चिमुकला देश युरोपीय संघाचे सामायिक परराष्ट्र धोरण कसे काय अडवू शकतो? (एक वाचक, वसमत)

उत्तर : सायप्रस सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यातील भागाची लोकसंख्या आपल्या हिंगोली जिल्ह्याहूनही कमी आहे; परंतु या धोरणाचे बहुतेक निर्णय २७ सदस्यांच्या एकमताने होत असल्यामुळे तेथे त्याचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच भारी ठरतो. ऑगस्ट २०२० मधील वादग्रस्त निवडणुकीनंतर बेलारूसच्या अधिकाऱ्यांवर निर्बंध लादण्याचे घाटत असताना, सायप्रस आपला हक्क सांगतो त्या समुद्रात वायूचा शोध घेणाऱ्या तुर्कस्तानवरही कारवाई व्हावी, असा आग्रह धरून त्याने हा निर्णय काही आठवडे रोखून धरला. ऑक्टोबरच्या प्रारंभी संघाने तुर्कस्तानला स्पष्ट इशारा दिला, तेव्हा त्याची संमती मिळाली. याला अडवणूक म्हणता येईल, आणि तशी टीका झालीही. मात्र बेलारूसवरील निर्बंधांना त्याचा तत्त्वतः विरोध नव्हता. बेटाचा उत्तर भाग १९७४ पासून तुर्की फौजांच्या ताब्यात आहे, हे विसरून त्याची भूमिका समजणार नाही. सर्बियातून फुटून स्वातंत्र्य जाहीर केलेल्या कोसोव्होला मान्यता न देणाऱ्या पाच सदस्य देशांत सायप्रस आहे, तेही याच धास्तीने : एकतर्फी स्वातंत्र्य तेथे मान्य केले, तर स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या उत्तर सायप्रसलाही तोच दाखला मिळेल.