आठ जणांची फ्री-फॉर-ऑल भरवताना

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या कॉम्प्युटर गेमची फ्री-फॉर-ऑल (म्हणजे जो तो एकटा, सगळ्यांविरुद्ध) स्पर्धा पहिल्यांदाच भरवतोयस ना, मग आधीच सांगतो, खरी डोकेदुखी साटंलोट्याची असते. एका लॉबीत, म्हणजे एका सामन्यासाठी जमायच्या ऑनलाइन खोलीत, जास्तीत जास्त ८ खेळाडू. त्यातले दोघे जिगरी निघाले की उरलेल्या सहांची वाट लागली समज. ‘लॉक टीम्स’वर टिक कर, म्हणजे खेळ सुरू झाल्यावर कुणाला दोस्ती जाहीर करता येत नाही. फोनवरची कुजबुज मात्र कुठलंच सेटिंग थांबवत नाही; म्हणून ओळखीचे लोक वेगवेगळ्या लॉबीत टाक आणि दर फेरीला गट बदल.

दुसरी गोची म्हणजे दडून बसणारे. मी एकदा ‘ब्लॅक फॉरेस्ट’ नकाशा घेतला, जो तो भिंती बांधून आत, आणि सामना पहाटेपर्यंत! तेव्हापासून मोकळा ‘अरेबिया’च घेतो आणि विजयाची अट ‘स्टँडर्ड’ ठेवतो. त्यात कुणी वंडर (ठरावीक वेळ टिकवलं की जिंकून देणारी भव्य वास्तू) उभारलं की उलटी मोजणी सुरू होते, मग बाकीच्यांना झक मारत बाहेर पडावंच लागतं.

प्रेक्षक असतील तर स्पेक्टेटर डिले लाव, म्हणजे त्यांना खेळ थोडा उशिरा दिसतो. आणि नेट गेलं तर काय, हे आधीच लिहून ठेव, नाहीतर रात्री १२ वाजता तूच न्यायाधीश.