'स्थितीस अनुरूप' शिक्षण: ही स्थिती कुठली?

प्रश्न असा आहे: एका मिशन शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर बायबलमधलं वचन छापलं होतं, 'मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे' (नीतिसूत्रे २२:६). ही स्थिती कोणती? घरची असेल, तर गरिबाच्या पोराने गरिबाला शोभेल इतकंच शिकावं असा अर्थ निघत नाही का? आणि इंग्रजीत तर मुलाने ज्या मार्गाने जायला हवं त्या मार्गाचं शिक्षण दे, असं आहे. मग मराठीत 'स्थिती' आली कुठून?

घरची स्थिती नव्हे, हे आधी सांगून टाकतो. शंका मात्र रास्त आहे. 'स्थिती' हा शब्द एकटा आला की आज आपल्याला पैसाच ऐकू येतो: 'त्यांची स्थिती बेताची', 'आता जरा स्थिती सुधारली'. मुळात 'स्था' म्हणजे उभं असणं. जो जिथे, जसा उभा आहे ती त्याची स्थिती. 'मनःस्थिती', 'वस्तुस्थिती' या जोडशब्दांत हा अर्थ अजून शाबूत आहे, सुट्या शब्दातून तो निसटत चाललाय. 'अनुरूप'ची गतही फार वेगळी नाही. स्थळं बघणाऱ्यांनी तो जवळजवळ आपल्या नावावर करून घेतलाय.

आता मूळ वाक्य. हिब्रूत पहिला अर्धा भाग इतकाच आहे: 'हनोख लन्नआर अल-पी दर्को'. 'लन्नआर' म्हणजे मुलाला. 'अल-पी' म्हणजे शब्दशः 'तोंडावर', पण वापरात 'प्रमाणे, बरहुकूम'. दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, या नियमातही (बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, १९:१५) हेच 'अल-पी' आहे. राहिला 'दर्को': 'देरेख' म्हणजे वाट, आणि शेवटचा 'ओ' म्हणजे 'त्याची'. सगळं मिळून 'मुलाला त्याच्या वाटेप्रमाणे शिकव'. 'जायला हवं' हे इंग्रजी भाषांतरकारांनी घातलं, आणि १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातही ते आहे. हिब्रूत त्यासाठी शब्दच नाही. म्हणजे इंग्रजी अचूक आणि मराठी भरकटलेलं असा जो सूर तुमच्या प्रश्नात आहे, तो मला उलटा वाटतो. मराठी भाषांतरकाराने 'त्याच्या' हा प्रत्यय सोडला नाही. वाटेची स्थिती केली खरी, पण ती मुलाचीच राहिली.

'देरेख'ला नीतीचा वास नेहमीच असतो असंही नाही. याच पुस्तकात तिसाव्या अध्यायात (३०:१९) गरुडाची आकाशातली, सापाची खडकावरची, गलबताची भर समुद्रातली 'देरेख' कवीला अजब वाटते. तिथे योग्य-अयोग्य काही नाही. ज्याची त्याची चालण्याची तऱ्हा आहे. सापाला गरुडासारखं उडायला लावावं असं कुणी म्हणत नाही.

वचनातल्या पहिल्या हिब्रू शब्दाचं नातं मराठी ख्रिस्ती वाचकाला चटकन जाणवेल. 'हनोख' हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकात भेटतं (इंग्रजीत त्याचा 'ईनॉक' होतो), आणि दोन्हींची मुळाक्षरं एकच. याच धातूवरून 'हनुका' हा ज्यूंचा सण, जो कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरी दिवे लावून साजरा होतो. धातूचा अर्थ नवी वास्तू वापरात आणताना ती अर्पण करणं, तिचा आरंभ करणं. शलमोनाने मंदिराचं समर्पण केलं तिथेही तोच (१ राजे ८:६३). तेव्हा 'शिक्षण दे' हा अर्थ बरोबर असला तरी थोडा कोरडा आहे. मूल ही कुणाची तरी वास्तू आहे आणि तिच्या कामाचा आरंभ आपण करून देतोय, असा भाव त्यात आहे. ख्रिस्ती दृष्टीने पाहिलं तर हा भाव मोठा आहे: वेगळेपण मुलाने कमावलेलं नाही, शाळेने दिलेलं तर मुळीच नाही, ते देणाऱ्याने आधीच ठेवलंय.

दुसऱ्या अर्ध्यात एक बारीक गंमत आहे. मराठीत 'वृद्ध झाल्यावरही तो त्यापासून परावृत्त होणार नाही'. कशापासून? मराठी वाक्यात 'त्यापासून' नपुंसकलिंगी 'शिक्षणा'कडे जातं. हिब्रूतलं 'मिम्मेन्ना' मात्र स्त्रीलिंगी आहे आणि ते वाटेकडे बोट दाखवतं (देरेख हिब्रूत दोन्ही लिंगांत चालतो). म्हणजे म्हातारपणी तो आपली वाट सोडणार नाही, असं मूळ म्हणतं. आपण शिकवलेलं सोडणार नाही, असं मराठी म्हणतं. शिक्षकाला दुसरं अर्थातच जास्त आवडतं.

मग सरळ 'वाट'च का नाही वापरली? भाषांतरकाराच्या मनात काय होतं ते आपल्या हाती नाही, पण अडचण उघड आहे. 'वाट लावणे', 'वाटेला जाणे', 'वाटेला लावणे': मुलाच्या संदर्भात यातलं एकही बरं ऐकू येत नाही. 'मार्ग' घेतला, तर ख्रिस्ती कानाला लगेच येशूचं 'मार्ग, सत्य व जीवन' आठवतं. मग मार्ग एकच उरतो आणि 'त्याचा' म्हणण्यात अर्थ राहत नाही. अलीकडच्या सोप्या मराठी भाषांतरात 'योग्य मार्ग' असं आहे. तिथे मुलाचं 'त्याच्या' गळलं आणि इंग्रजीतला उपदेश परत आला. 'पिंड' चपखल, पण श्राद्धाची आठवण करून देणारा. 'कल' गोड शब्द, पण दहावीच्या कलचाचणीने त्याला विज्ञान की वाणिज्य इतका आखूड करून टाकलाय. 'मगदूर' मला मनापासून आवडतो. शेतकरी जमिनीचा मगदूर पाहून पीक घेतो. पण 'यथाशक्ती, मगदुराप्रमाणे वर्गणी द्या' म्हटलं की पुन्हा पैसा!

या वचनातून आजचा 'मुलाला हवं ते करू द्या' काढणं मात्र ओढूनताणून होईल. त्याच अध्यायात पुढे (२२:१५) मुलाच्या मनातली मूर्खता घालवणारी शिस्तीची काठीही आहे. शिवाय काही भाष्यकार हे वचन इशारा म्हणून वाचतात: पोराला त्याच्याच मर्जीने वाढवलंस, तर म्हातारा होईपर्यंत तो सुधारायचा नाही. व्याकरणाने तेही बसतं. मला ते पटत नाही, कारण इशारा द्यायचा तर 'हनोख'सारखं मंगल क्रियापद कशाला?

प्रत्येकाच्या वेगळेपणाचा ख्रिस्ती आधार हवा असेल, तर नव्या करारात तो अधिक ठसठशीत आहे. सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकणं कुठे असतं, असं पौल विचारतो (१ करिंथ १२:१७). मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला धनी चाकरांकडे ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे वेगवेगळी रक्कम सोपवतो. तिथल्या 'तालंत' या वजनाच्या नावावरूनच इंग्रजीतला 'टॅलेंट' निघाला. आणि इफिसकरांच्या पत्रात बापांना तंबी आहे: मुलांना 'चिरडीस आणू नका' (६:४). 'चिरडीस आणणे' हा अस्सल मराठी प्रयोग आता बायबलबाहेर क्वचितच दिसतो. नको त्या साच्यात कोंबलेल्या मुलाचं काय होतं, ते या दोन शब्दांत आलं.

मराठीतून हिब्रूकडे जाण्याची वाट तशी जुनी आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. पंडिता रमाबाई मूळ भाषा शिकून बायबलचं भाषांतर करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला जाण्याआधी त्यांनी ते पुरं केलं. त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात कुणी मुलगी छापखान्यात, कुणी मागावर, कुणी गोठ्यात काम शिकत होती, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई परदेशातून शिकून आलेलं ब्रेल अंध मुलींना शिकवत होत्या. यात संस्थेची गरज किती आणि मुलीची घडण ओळखणं किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण 'स्थितीस अनुरूप'चा अर्थ लावायला मी कोशाआधी तिकडेच बघेन.

पत्रिकेचं म्हणाल, तर छापील वचनात फेरफार करू नये. लोकांना ते पाठ असतं. व्यासपीठावरून अर्थ सांगायचा झाला तर एवढं पुरे: 'मुलाची घडण ओळखून त्याला शिकवायला घे, म्हातारपणीही तो आपली वाट सोडणार नाही.' आणि 'स्थिती' म्हणजे फी भरण्याची ऐपत नव्हे, हे पालकांना तेव्हाच सांगून टाकावं.