एफसी गोवाकडून खेळलेला लुसियो खरंच मोठा बचावपटू होता का?

तुमचा प्रश्न असा की ब्राझीलच्या लुसियोला गोव्यात फक्त नावावर आणलं होतं, की तो खरंच त्या तोडीचा होता. होता, आणि त्याच्या काळातल्या पहिल्या रांगेतला होता. २०१५ साली एफसी गोवाचा प्रशिक्षक झिकोच्या संघात तो आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्या वयातला खेळ बघून त्याची किंमत ठरवू नका.

मला तो आवडायचा तो त्याच्या धावण्यामुळे. सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, सहसा चेंडू मिळाला की जवळच्या मिडफिल्डरला देऊन मोकळा होतो. लुसियो मात्र स्वतःच चेंडू घेऊन सुटायचा, अर्धं मैदान कापायचा. त्यात धोका होताच. २००२च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याला चेंडू नीट अडवता आला नाही आणि ओवेनने गोल केला. ब्राझील तो सामना २-१ जिंकला, पुढे कपही जिंकला, आणि लुसियो अंतिम सामन्यापर्यंत बचावात उभा होता.

एवढा धसमुसळा दिसणारा हा माणूस टॅकल मात्र फार स्वच्छ करायचा. २००६च्या वर्ल्ड कपमध्ये सलग ३८६ मिनिटं त्याने एकही फाऊल केला नाही. बचावपटूसाठी मला हा आकडा गोलांपेक्षा मोठा वाटतो. अर्थात गोलही मोक्याचे आहेत: २००२च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) फायनलमध्ये जर्मन क्लब लेव्हरकुझेनकडून रेआल माद्रिदविरुद्ध हेडर (सामना रेआलच्या झिदानने हवेतल्या चेंडूवर मारलेल्या त्या व्हॉलीने गेला), आणि २००९च्या कॉन्फेडरेशन्स कप फायनलमध्ये कर्णधार म्हणून ८४व्या मिनिटाला अमेरिकेविरुद्ध विजयी गोल. मध्यंतराला ब्राझील ०-२ मागे होता!

बायर्न म्युनिककडून त्याने तीन वेळा बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली. २००९ मध्ये व्हान गाल बायर्नचे प्रशिक्षक झाले आणि लुसियो इंटर मिलानला गेला. पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली ती इंटर आणि बायर्नमध्येच, आणि इंटरने ती २-० जिंकली.

एकच सामना बघायचा असेल तर त्याच मोसमातला बार्सिलोनाच्या मैदानावरचा उपांत्य फेरीचा दुसरा सामना बघा. २८व्या मिनिटाला मोत्ताला लाल कार्ड मिळालं, इंटर दहा जणांवर आला. तरी लुसियो आणि सॅम्युएल यांच्या जोडीसमोर मेस्सीच्या बार्सिलोनाला एकच गोल करता आला, आणि दोन्ही सामने मिळून ३-२ अशा आघाडीवर इंटर फायनलला गेला.