ज्युनिअर युरोव्हिजन आपल्या लिटिल चॅम्प्ससारखंच असतं का? भारतातल्या मुलीला त्यात भाग घेता येतो का?

तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गाणं शिकते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, भारतातून भाग घेता येत नाही. ज्युनिअर युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची, मुलांसाठीची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा, आणि तिच्यात मुलं परस्पर अर्ज करत नाहीत. देशाची टीव्ही वाहिनी स्पर्धक निवडून पाठवते, आणि ती वाहिनी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची (स्पर्धा भरवणाऱ्या, वाहिन्यांच्या संघटनेची) सभासद नाहीतर खास निमंत्रित असावी लागते. ऑस्ट्रेलिया 2015 ते 2019 असा येऊन गेला, पण भारत कधीच आलेला नाही. युरोपात राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलांना मात्र वाट आहे. माझी मावसबहीण नेदरलँड्सला असते. तिथे 'ज्युनिअर सॉन्गफेस्टिव्हल' नावाची निवड स्पर्धा टीव्हीवर होते आणि त्यासाठी मुलं ऑडिशन देतात. वय 9 ते 14 मध्ये बसायला हवं. रहिवासाच्या अटी तिथल्या वाहिनीलाच विचाराव्या लागतील.

आता लिटिल चॅम्प्स. कार्तिकी गायकवाड जिंकली ते 2009 चं पर्व आठवत असेल, तर तो प्रकार काय ते तुम्हाला सांगायला नको. महिनोन्‌महिने चालणारी मालिका, दर आठवड्याला धाकधूक, आणि गाणी सगळी आधी कुणीतरी अजरामर करून ठेवलेली. ज्युनिअर युरोव्हिजन एका संध्याकाळी आटोपतं. प्रत्येक देशाचं एकच गाणं, जेमतेम तीन मिनिटांचं आणि अगदी नवं कोरं. मला हाच फरक सगळ्यात मोलाचा वाटतो. गाणं त्या मुलाच्या गळ्याच्या पट्टीत बांधलेलं असतं, त्यामुळे 'मूळ गाण्यातली ती हरकत आली नाही' असं म्हणायची सोयच उरत नाही. आपल्याकडे दहा वर्षांची मुलगी विरहाची गझल गाते आणि परीक्षक डोळे पुसतात. मला ते नेहमीच थोडं विचित्र वाटत आलंय.

2003 मध्ये कोपनहेगनला पहिली स्पर्धा झाली. ती क्रोएशियाच्या 11 वर्षांच्या दिनो येलुसिचने स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन जिंकली. (हाच मुलगा मोठा होऊन 'व्हाइटस्नेक' या रॉक बँडमध्ये गेला.) तेव्हा गाणी मुलांनीच लिहावीत अशी अपेक्षा होती, पुढे मोठ्यांना मोकळीक मिळाली. त्याने गाण्यांचा दर्जा वाढला, पण पोरकटपणा गेला, आणि मला तो पोरकटपणा आवडायचा. 2008 मध्ये जॉर्जियाची तीन मुलं मधमाश्यांच्या वेशात आली, कुठल्याही खऱ्या भाषेत नसलेलं, गुणगुणाटाचं गाणं म्हणाली आणि चक्क जिंकून गेली!

एरवी गाण्याचा मोठा भाग आपल्या देशाच्या भाषेत असावा असा नियम आहे. माल्टाची इंग्रजी ही अधिकृत भाषाच असल्याने त्यांचं फावतं. 2013 आणि 2015 ची त्यांची विजेती गाणी इंग्रजीतच होती. उलट आयर्लंड 2015 पासून आयरिश भाषेतली गाणी घेऊन आला. वेल्स हा ब्रिटनचाच भाग, त्यामुळे त्याला मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये स्वतंत्र जागाच नाही, पण 2018 मध्ये इथे तो वेल्श गाणं घेऊन उतरला. शेवटचा आला ही गोष्ट वेगळी, तरी पुढच्या वर्षी पुन्हा आला.

गुणांच्या बाबतीत सांभाळून घेण्याचा प्रयत्न दिसतो. 2005 ते 2015 या काळात प्रत्येक देशाला सुरुवातीलाच 12 गुण देत, म्हणजे कुणाच्या नावापुढे शून्य लागू नये. 2017 पासून निम्मे गुण ज्युरींचे आणि निम्मे ऑनलाइन मतांचे. मत एकाच गाण्याला देऊन चालत नाही, किमान तीन निवडावी लागतात. स्वतःच्या देशालाही मत देता येतं, हे मात्र मला पटत नाही.

सगळं गोडगोड आहे असंही समजू नका. डेन्मार्कमधल्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतूनच ही कल्पना निघाली, आणि तोच डेन्मार्क, नॉर्वेसकट, 2005 नंतर बाहेर पडला. मुलांना ज्या पद्धतीने वागवलं जातं ते त्यांच्या वाहिन्यांना मान्य नव्हतं. निकालाच्या वेळी कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो तेव्हा त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी आठवड्या-आठवड्याने एकेक मूल घरी पाठवण्यापेक्षा एका रात्रीचं रडू परवडलं, असं माझं मत.

मुलीला दाखवायचंच असेल तर यूट्यूबवर स्पर्धेच्या अधिकृत चॅनलवर दोन गाणी शोधा. माल्टाच्या गाया काउचीचं 2013 चं आणि जॉर्जियाच्या मरियम ममदाश्विलीचं 2016 चं. पहिल्यात आवाजाची ताकद ऐकता येईल. दुसऱ्याची भाषा कळणार नाही, पण गाणं शिकणाऱ्या मुलीला श्वास कुठे घेतलाय ते नक्की कळेल. खाली कॉमेंट्स दिसल्याच तर त्या मात्र तिला वाचू देऊ नका.