आई-बाबा साताऱ्यात, बीपी न्यू जर्सीत

प्रश्न : वडिलांना मागच्या वर्षी पक्षाघात झाला. फिजिओ येऊन गेले की आई फोन करते, तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असतो. त्यानंतर झोप लागत नाही. माझं वय ४२. तपासणीत बीपी १४८/९४ निघालं. गोळी सुरू करावी का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : गोळीचं डॉक्टर ठरवतील, पण एका आकड्यावरून नाही. दंडाला बांधायचं यंत्र आणा. पाच मिनिटं टेकून बसा, मग सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर सोडून मोजा. असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा आणि वही डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेत घरची सरासरी १३०/८० किंवा त्यावर गेली की बीपी वाढलेलं धरतात. साताऱ्याचा फोन ठेवल्या ठेवल्या मात्र मोजू नका. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट ९११.

झोपेत बीपी एरवी दहा-वीस टक्के उतरतं. रोज एक वाजता उठलात की ती उसंतच मिळत नाही. आईशी बोलणं कमी करू नका, वेळ बदला. तुमच्या सकाळी आठला साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच, नोव्हेंबर ते मार्च साडेसहा. फिजिओ, जेवण, औषधं, सगळ्याची खबर एकदमच मिळते.

‘रात्री काही झालं तर?’ खरं सांगायचं तर तुम्ही जागे राहून फार काही होत नाही. १०८ अमेरिकेतून लागत नाही. घराची चावी, वडिलांची फाइल आणि सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर शेजारच्या किंवा नात्यातल्या एकाकडे द्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की आईने आधी १०८ लावायचा, मग त्या माणसाला, तुम्हाला शेवटी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला वेळ परदेशातल्या मुलाला विचारण्यात जायला नको. तुमच्या फोनवर रात्री या दोघांचेच नंबर वाजू द्या. व्हॉट्सॲप कॉल त्यातून वाजतो का, हे एकदा लावून बघा.

आणि हो, घरून आलेली बॅग तपासा. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन आणि अंगदुखीचं डायक्लोफेनॅक, दोन्हींनी बीपी चढू शकतं. डॉक्टरांकडे जाताना पाकिटंच घेऊन जा. लोणचं, पापड, सुकट यांचं मीठही हिशेबात धरा : दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा.